काकड्यांचा ट्रक आणि २५ टक्के शुल्क

२६ जानेवारी २०१९ ला मेक्सिकोतून काकड्या घेऊन आलेला एक ट्रेलर ॲरिझोनातल्या नोगालेसच्या नाक्यावर उभा राहिला. त्यात विशेष काही नव्हतं. हिवाळ्यात अमेरिकेत खपणाऱ्या भाजीपाल्याचा मोठा हिस्सा याच गावातून वर सरकतो. ट्रेलर स्कॅन केला तेव्हा मागच्या तळाशी काहीतरी खटकलं. कुत्रा फिरवला, तर तोही तिथेच घुटमळला. तळ उचकटून पाहिला तर खाली चोरकप्पा, आणि त्यात शेकडो पुडकी. फेंटानिल हा अंमली पदार्थ निघाला ११५ किलो, मेथॲम्फेटामिन ही दुसरी नशा वेगळी. अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या इतिहासातली फेंटानिलची तोवरची ती सर्वांत मोठी पकड होती.

११५ किलो म्हणजे दोन-तीन गोण्या. पण फेंटानिल हेरॉइनच्या साधारण ५० पट तीव्र असतं. मूळचं हे इस्पितळातलं औषध. शस्त्रक्रियेत आणि कर्करोगाच्या वेदनांसाठी डॉक्टर आजही ते रोज वापरतात. अमेरिकेच्या अंमली पदार्थविरोधी खात्याच्या, म्हणजे डीईएच्या हिशोबानं त्याचे २ मिलिग्रॅम माणसाचा जीव घेऊ शकतात. पेन्सिलीच्या टोकावर मावेल एवढीच ती पूड. रस्त्यावर विकला जाणारा माल भेसळीचा असतो, त्यामुळे सरळ भागाकार करून चालत नाही. पण ११५ किलो माल शुद्ध धरला, तर त्यातून पावणेसहा कोटी मारक मात्रा निघतात. सगळ्या त्या एका काकडीच्या ट्रकमध्ये.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून आता १ फेब्रुवारी २०२५ कडे या. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढले की मेक्सिको आणि कॅनडातून येणाऱ्या मालावर २५ टक्के आयातशुल्क लागेल, कॅनडाच्या तेल-वायूवर १० टक्के आणि चीनच्या मालावरही १० टक्के. कारण काय दिलं? स्थलांतरितांचे लोंढे आणि फेंटानिल. शेजारी देश तस्करी थांबवत नाहीत, म्हणून त्यांच्या व्यापारावर दंड.

इथे पहिली अडचण अगदी साधी आहे. आयातशुल्क लागतं ते कागदावर असलेल्या मालाला. किती पेट्या, किंमत किती, कुठल्या देशाचा माल, आयातदार कोण, हे सगळं लिहिलेलं असतं, त्यावर टक्केवारी लावली जाते आणि पैसे भरतो तो अमेरिकेतला आयातदार. चोरकप्प्यातल्या पुडक्यांचं बिल कुणी फाडत नाही. म्हणजे २५ टक्के लागणार ते काकड्यांना. तळातल्या मालाला शून्य टक्के, कालही आणि आजही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, असं कुणाला वाटलं तर त्यात गैर काही नाही.

पण तेवढ्यावर थांबलं तर हे धोरण अर्धंच कळतं. शुल्काचा नेम तस्करांवर धरलेलाच नव्हता. तो होता शेजाऱ्याच्या सरकारवर. नाक दाबलं की तोंड उघडतं, हा त्यामागचा हिशोब. मेक्सिकोची ८० टक्क्यांहून अधिक निर्यात एकट्या अमेरिकेला जाते, कॅनडाची साधारण तीन-चतुर्थांश. एवढं गिऱ्हाईक एकाच दाराशी असेल तर ते दार किलकिलं केलं तरी आतल्या घराचा श्वास कोंडतो.

हा डाव नवा नाही. २१ सप्टेंबर १९६९ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सरकारनं 'ऑपरेशन इंटरसेप्ट' सुरू केलं. कारण होतं मेक्सिकोतून येणारा गांजा. मेक्सिकोच्या सीमेवर येणारी प्रत्येक गाडी थांबवायची, डिकी उघडायची, आसनांखाली हात घालायचा, माणसांच्या पिशव्या तपासायच्या. एका गाडीला दोन-तीन मिनिटं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तिहुआनासारख्या नाक्यावर हजारो गाड्यांना प्रत्येकी तीन मिनिटं लावून बघा. काही तासांतच रांगा मैलोन् मैल लांबल्या. रोज पलीकडे कामाला जाणारे मजूर अडकले, टोमॅटोचे ट्रक उन्हात तापत राहिले, सीमेवरच्या गावांची दुकानं ओस पडली. अमेरिकी बाजूचीही, कारण त्यांचं अर्धं गिऱ्हाईक मेक्सिकन होतं. लाखो माणसं तपासली गेली आणि गांजा सापडला तो किरकोळ. जेमतेम तीन आठवड्यांत मोहीम गुंडाळली आणि तिचं नाव बदलून 'ऑपरेशन कोऑपरेशन' केलं. इंटरसेप्ट म्हणजे अडवणूक, कोऑपरेशन म्हणजे सहकार्य. नामांतर करणाऱ्या बाबूला विनोदबुद्धी असावी.

मोहीम फसली का? वृत्तपत्रांनी तसंच लिहिलं. पण ती आखणाऱ्यांत गॉर्डन लिडी नावाचे एक गृहस्थ होते. पुढे निक्सन यांची खुर्ची घालवणाऱ्या वॉटरगेट प्रकरणात तुरुंगात गेले तेच हे. त्यांनी नंतर आत्मचरित्रात मोकळेपणानं कबूल केलं की गांजा पकडणं हा उद्देशच नव्हता. ही सरळसरळ खंडणी होती आणि मेक्सिकोला वाकवण्यासाठी होती. आपल्या शेतांतल्या गांजा-अफूचा नाश करायला मेक्सिको आधी का-कू करत होता. मोहिमेनंतर तो बोलणी करायला बसला, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यावर तिथे हेलिकॉप्टरनं विषारी फवारणी सुरू झाली. म्हणजे तोंड उघडलं. पण अमेरिकेतल्या गांजाचं काय झालं? कोलंबियाच्या किनाऱ्यावरचा गांजा बोटींनी फ्लोरिडात उतरू लागला. फुगा एका बाजूनं दाबला की दुसरीकडे फुगतो. या विषयातले अभ्यासक याला फुग्याचा परिणामच म्हणतात, आणि हा फुगा पुढे पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

२०२५ च्या शुल्कामागची कायद्याची बाजूही थोडी बघायला हवी, कारण खरी गंमत तिथे आहे. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्यात मुक्त व्यापाराचा करार आहे. पूर्वीचा नाफ्टा १९९४ चा, त्याच्या जागी १ जुलै २०२० पासून आलेला यूएसएमसीए. हा दुसरा करार खुद्द ट्रम्प यांच्याच पहिल्या कारकिर्दीत झाला होता. त्यानुसार बहुतेक मालावर शुल्क शून्य. शिवाय अमेरिकी राज्यघटनेनं शुल्क लावण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, राष्ट्राध्यक्षांना नाही. मग वाट काढली ती १९७७ च्या आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांच्या कायद्यातून. परदेशातून असाधारण धोका उभा राहिला तर राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी जाहीर करायची आणि परकीय व्यवहारांचं नियमन करायचं, असा तो कायदा. १९७९ मध्ये इराणनं अमेरिकी वकिलातीतले लोक ओलीस धरले तेव्हा इराणची मालमत्ता गोठवली गेली ती याच कायद्यानं. त्यात आयातीचं 'नियमन' करण्याचा उल्लेख आहे, 'शुल्क' हा शब्द मात्र कुठेही नाही. ट्रम्प यांच्याआधी कुणीही त्यातून शुल्क काढलं नव्हतं.

व्यापारी न्यायालयात गेले. २८ मे २०२५ ला अमेरिकेच्याच आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयानं निकाल दिला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत नेमकं निरीक्षण त्या निकालात आहे. कायदा म्हणतो की उपाय हा धोक्याला 'हाताळण्यासाठी' असला पाहिजे. सरकारचा युक्तिवाद होता की शुल्कामुळे शेजाऱ्यावर दबाव येतो, शेजारी तस्करांवर कारवाई करतो, म्हणजे धोका हाताळला जातो. न्यायालयानं हे मानलं नाही. सौदा करण्यासाठी दबाव निर्माण करणं म्हणजे धोका हाताळणं नव्हे. तसं मानलं तर शेजाऱ्याला त्रास देणारी कुठलीही गोष्ट कुठल्याही कारणासाठी चालेल. ऑगस्टमध्ये अपील न्यायालयानंही शुल्क कायद्याबाहेरचं ठरवलं, वेगळ्या कारणानं, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. थोडक्यात, लिडी यांनी आत्मचरित्रात जे खुशीनं सांगितलं होतं, तेच व्यापार न्यायालयानं दोष म्हणून दाखवलं.

आता उघडलेल्या तोंडातून काय बाहेर पडलं ते पाहू. ३ फेब्रुवारीला मेक्सिकोच्या अध्यक्ष क्लाउदिया शेनबाम यांनी ट्रम्प यांच्याशी फोनवर बोलून आपल्या उत्तर सीमेवर नॅशनल गार्ड या सुरक्षादलाचे १०,००० जवान पाठवायचं कबूल केलं आणि शुल्क महिनाभर पुढे ढकललं गेलं. २७ फेब्रुवारीला मेक्सिकोनं २९ टोळीबाज अमेरिकेच्या हवाली केले. त्यांत राफाएल कारो किंतेरो होता, १९८५ मध्ये डीईएचा एक अधिकारी छळ करून मारला गेला त्या प्रकरणातला. अमेरिका त्याच्यासाठी चाळीस वर्षं दार ठोठावत होती. एरवी प्रत्यार्पणाचे खटले वर्षानुवर्षं रेंगाळतात, इथे एका दिवसात विमानं भरून माणसं गेली. तरीही ४ मार्चला शुल्क लागू झालंच. दोनच दिवसांत, करारात बसणाऱ्या मालाला सूट मिळाली. शेनबाम यांनी कॅनडासारखं तडकाफडकी प्रतिशुल्क लावलं नाही. डोकं थंड ठेवायचं, हे त्यांचं पालुपद राहिलं. ऑगस्टमध्ये आणखी २६ जण सोपवले.

म्हणजे दबावाचा उपयोग होत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. झाला. प्रश्न एवढाच की जे मिळालं त्यानं फेंटानिल कमी होतं का. जवान सीमेवर उभे केले तर माणसं अडतात. पण फेंटानिलचा बराचसा माल रानावनातून पाठीवर येत नाही, तो अधिकृत नाक्यांवरून गाड्यांमध्ये लपून येतो. आणि गाडी चालवणारा बहुतेकदा अमेरिकीच असतो. फेंटानिल तस्करीत अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत शिक्षा होणाऱ्यांमध्ये ८० टक्क्यांहून अधिक अमेरिकी नागरिक असतात. यात नवल नाही. ज्याच्याकडे अमेरिकी पासपोर्ट आहे त्याच्याकडे नाक्यावरचा माणूस कमी संशयानं बघतो, आणि टोळ्यांना हे पक्कं ठाऊक आहे.

कॅनडाचं प्रकरण याहून विचित्र. ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ या अमेरिकी आर्थिक वर्षात सीमाशुल्क खात्यानं मेक्सिकोकडच्या दक्षिण सीमेवर साडेनऊ हजार किलोच्या आसपास फेंटानिल पकडलं. कॅनडाकडच्या उत्तर सीमेवर पकडलं ४३ पौंड, म्हणजे साडेएकोणीस किलो. पकडलेला माल म्हणजे आलेला सगळा माल नव्हे, हे खरं. तरी साडेनऊ हजार आणि साडेएकोणीस यांतलं अंतर कुठल्याही सबबीनं भरून निघत नाही. कॅनडात फेंटानिलचे कारखाने आहेत, तिथले लोकही त्यानं मरतात, पण अमेरिकेतली आग तिकडून लागलेली नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तरीही कॅनडानं बंबाला वाट करून दिली. १३० कोटी कॅनेडियन डॉलरची सीमा-योजना डिसेंबर २०२४ मध्येच जाहीर झाली होती. तीत हेलिकॉप्टर, ड्रोन, वाढीव माणसं असं सगळं होतं. फेब्रुवारीत फेंटानिलसाठी खास अधिकारी नेमला, वृत्तपत्रांनी त्याला 'झार' म्हटलं. टोळ्यांना दहशतवादी ठरवलं. एवढं करूनही मार्चमध्ये शुल्क लागलं, तेव्हा कॅनडानं ३,००० कोटी कॅनेडियन डॉलरच्या अमेरिकी मालावर २५ टक्के प्रतिशुल्क लावलं आणि बहुतेक प्रांतांनी सरकारी दुकानांच्या फळ्यांवरून अमेरिकी दारू उतरवली. १ ऑगस्टला अमेरिकेनं कॅनडाचा दर ३५ टक्क्यांवर नेला, कारण पुन्हा फेंटानिल.

आणि इथे हत्याराचा खरा स्वभाव दिसतो. जूनच्या अखेरीस ट्रम्प यांनी कॅनडाशी व्यापाराची बोलणी तोडली ती डिजिटल सेवांवरच्या करावरून. कॅनडानं दोन दिवसांत तो कर मागे घेतला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा बोलणी तोडली, या वेळी कारण होतं ओंटारिओ प्रांताच्या एका जाहिरातीचं, ज्यात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या भाषणातली शुल्कविरोधी वाक्यं वापरली होती. त्यावर आणखी १० टक्के शुल्काची घोषणा झाली. कर काय, जाहिरात काय, यात फेंटानिलचा मिलिग्रॅमही नाही. नाक एकदा चिमटीत सापडलं की कुठल्याही कामासाठी दाबता येतं. शेजाऱ्यालाही हे कळतं. मग त्याला प्रश्न पडतो की तस्करी खरंच थांबवली तरी चिमूट सुटेल का? सुटणार नसेल तर तो काम दाखवण्यापुरतं करतो. ड्रोनचे फोटो, जवानांची संचलनं, नवी पदं.

फुगा पुन्हा आठवा. २०१९ पर्यंत अमेरिकेत बरंचसं फेंटानिल चीनमधून थेट टपालानं यायचं, छोट्या पाकिटांत. अमेरिकेच्या आग्रहावरून मे २०१९ मध्ये चीननं फेंटानिलच्या सगळ्या प्रकारच्या पदार्थांवर एकगठ्ठा नियंत्रण आणलं. ते खरोखर पाळलं गेलं आणि टपालातला माल आटला. मग चिनी व्यापारी फेंटानिल बनवण्यासाठी लागणारी पूर्वघटक रसायनं मेक्सिकोला विकण्यावर भर देऊ लागले. ही रसायनं रंग, औषधं, कीटकनाशकं अशा दहा कामांना लागतात, त्यांच्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यातल्या टोळीनं ती विकत घेऊन तिथल्या डोंगर-शेतांत गोळ्या पाडण्याचा सपाटा लावला. म्हणजे वाटाघाटी यशस्वी झाल्या आणि कारखाना शेजारच्या अंगणात आला. एक रसायन बंद केलं की रसायनतज्ज्ञ त्याच्या एक पायरी मागचं रसायन शोधतो. अफूचं शेत आकाशातून दिसतं, हे दिसत नाही.

दाबण्याऐवजी गोंजारण्याचा प्रयोगही अमेरिकेनं केलेला आहे, आणि तो जवळजवळ विसरला गेलाय. डिसेंबर १९९१ मध्ये थोरल्या बुशनी अँडीज पर्वतातल्या चार देशांसाठी कायदा केला. कोलंबिया, बोलिव्हिया, इक्वेडोर आणि पेरू यांनी कोकेनविरोधात काम करायचं, बदल्यात त्यांच्या बऱ्याचशा मालाला अमेरिकेत शुल्कमाफी. कोकाचं झुडूप सोडून शेतकऱ्यानं दुसरं काहीतरी लावावं आणि त्याला बाजार मिळावा, हा विचार. कोलंबियाच्या फुलांना याचा जबरदस्त फायदा झाला. व्हॅलेंटाइन डेला अमेरिकेत विकले जाणारे गुलाब बोगोताहून विमानानं येऊ लागले, हजारो बायकांना त्या हरितगृहांत काम मिळालं आणि अमेरिकेतल्या गुलाबवाल्यांचा धंदा बसला. पण नकाशा काढून बघा. फुलं पिकतात बोगोताच्या थंड पठारावर, विमानतळाच्या शेजारी. कोका पिकतो खालच्या उष्ण प्रदेशात, जिथे पक्का रस्ता नाही, शीतगृह नाही, सरकारचा माणूस महिनोन् महिने फिरकत नाही. गुलाब तिथून मायामीला पोचेपर्यंत कुजतील. कोकाचा लगदा खांद्यावर टाकून नेता येतो, आणि गिऱ्हाईक दारात येऊन रोख मोजतं. पेरू-बोलिव्हियात १९९० च्या दशकात कोका कमी झाला, तो कोलंबियात वाढला. २०२३ मध्ये कोलंबियात २ लाख ५३ हजार हेक्टरवर कोका होता, तोवरचा विक्रम. शुल्कमाफीनं माणसांचं भलं झालं, यात शंका नाही, पण ती वेगळी माणसं होती.

एक आकडा मात्र २०२५ च्या शुल्काच्या आधीच हलला होता. अमेरिकेत अंमली पदार्थांच्या अतिमात्रेनं होणारे मृत्यू २०२३ च्या मध्यापासून उतरू लागले. २०२३ मध्ये सुमारे १ लाख ५ हजार, २०२४ मध्ये सुमारे ८० हजार. नेमकं कशानं, यावर संशोधक भांडतात. नालोक्सोन हे श्वास परत आणणारं नाकातलं औषध २०२३ पासून चिठ्ठीशिवाय मिळू लागलं, उपचार वाढले, बाजारातल्या मालाची तीव्रता कमी झाली अशी कारणं दिली जातात. शुल्क त्यांत असूच शकत नाही. ते तेव्हा नव्हतं.

मेक्सिकोची बाजूही ऐकायला हवी, कारण शेजार दोन्हीकडून असतो. मेक्सिकोत अख्ख्या देशात कायदेशीर बंदुका विकणारी मोजकी सरकारी दुकानं आहेत, तीही लष्कराची. तरी टोळ्यांकडे रायफली आहेत. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २०१४ ते २०१८ मधली माहिती तपासली. मेक्सिकोत सापडलेल्या आणि माग काढण्यासाठी पाठवलेल्या शस्त्रांपैकी सुमारे ७० टक्के अमेरिकेतून आलेली होती. मेक्सिकोनं अमेरिकी बंदूक कंपन्यांवर खटला भरला. ५ जून २०२५ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो एकमतानं फेटाळला, कारण अमेरिकी कायद्याचं त्या कंपन्यांना संरक्षण आहे. मेक्सिको यावर अमेरिकी मालाला शुल्क लावू शकला असता, पण नाक दाबायला हातात जोर लागतो.

नोगालेसला उत्तरेकडे येणाऱ्या ट्रकसाठी स्कॅनर आहे, कुत्री आहेत, चोरकप्पे उघडणारी माणसं आहेत. त्याच नाक्यावर उलट्या दिशेनं, मेक्सिकोत जाणाऱ्या गाड्या अमेरिकेच्या बाजूनं अधूनमधूनच तपासल्या जातात. बहुतेक गाड्या नुसता वेग कमी करतात आणि पुढे निघून जातात.